नदीच्या पल्याडचं मत

नदीअलीकडे | १३ ऑक्टोबर २०२४

काल दसऱ्याला आत्येबहिणीकडे गेलो होतो. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. ती पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत. मध्ये डेलावेअर नदी. ट्रेंटनच्या टोलपुलावरून जाताना शेजारच्या जुन्या पुलावरची मोठाली अक्षरं दिसतात, 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. घरापासून पाऊण तास.

दारात पोचताच ती खिडकीतून ओरडली, "येताना टपाल घेऊन ये." पेटी उघडली तर चकचकीत जाड कागदांचा गठ्ठा. हॅरिसबाईंचा फोटो मुद्दाम काळपट केलेला, त्याखालच्या कागदावर ट्रम्पतात्यांचा तसाच. सेनेटचे उमेदवार केसी आणि मकॉर्मिक यांचे आणखी वेगळे. मोजले, अकरा निघाले. एका दिवसाचे!

आत गेलो तर आत्या (मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे) जेवणाच्या टेबलावर आदल्या दिवशीचे कागद पसरून मेथी निवडत बसलेली. "इथं घरी पेपर येत नाही ना रे. हे बरे आहेत, जाड आहेत, ओल लागत नाही." मकॉर्मिकच्या कपाळावर देठं आणि केसींच्या बाजूला पानं.

संध्याकाळी सोनं वाटत होतो. आपटा कुठला मिळणार, अंगणातल्या रेडबडची पानं तोडली होती, तेही आपट्याच्याच कुळातलं झाड आहे म्हणतात. तेवढ्यात बेल वाजली. कॉलेजातली पोरगी, हातात फोन, त्यात भावजींचं नाव, वय, मागच्या निवडणुकीत मत दिलं होतं की नाही, सगळं. यंदा कधी देणार, टपालाने की केंद्रावर जाऊन, असं विचारत होती. आत्याने तिच्याही हातावर पान ठेवलं. पोरगी थँक्यू म्हणाली आणि पान खिशात घालून पुढच्या घरी गेली.

आता माझं. एप्रिलमध्ये शपथ घेतली, छोटा झेंडा मिळाला, नागरिक झालो. आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत देणार. आणि माझ्या दारावर आजवर कोण आलं? छप्पर बदलून देणारा एक, सोलरवाला एक. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटच जाते, त्यामुळे आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बरं, या पुलावर टोलसुद्धा फक्त पेनसिल्व्हेनियात शिरताना घेतात, परत येताना फुकट. ज्या बाजूला मताला किंमत आहे तिकडे जायचेच पैसे!

तर मंडळी, मी मत द्यावं का, आणि का द्यावं, यावर बोला. धाग्याचं काश्मीर करू नका, म्हणजे भांडणं नकोत, एवढीच विनंती.

---

उगाच_एक | १३ ऑक्टोबर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आत्यांना नमस्कार सांगा, मेथीचं काय केलं तेही सांगा.

---

कोथरूडचा_चहा | १४ ऑक्टोबर

मला दर चार वर्षांनी हे कोणीतरी समजावून सांगतं आणि मी दर चार वर्षांनी विसरतो. जास्त मतं पडलेला माणूस हरतो कसा?

---

गणिती | १४ ऑक्टोबर

चहासाहेब, यंदा लिहून ठेवा. अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक. एकूण ५३८, २७० ला बहुमत. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहात जेवढ्या जागा तेवढे, अधिक सेनेटचे दोन. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने तीन. जो जिंकेल त्याला राज्याचे सगळे, मग तो एका मताने जिंको की वीस लाखांनी. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं काही मतं मतदारसंघवार वाटतात. २०१६ ला हिलरी क्लिंटन देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतांनी पुढे होत्या, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी मागे पडल्या आणि संपलं. २०२० ला उलट्या बाजूने तेच झालं असतं. बायडन ७० लाखांनी पुढे, पण जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तिघांत मिळून त्यांची आघाडी होती ४३ हजारांच्या आत. ती तीन गेली असती तर २६९-२६९.

यंदाची बेरीज: पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. झाले ९३. ही सात राज्यं बाजूला ठेवली तर माझ्या हिशेबाने हॅरिस २२६, ट्रम्प २१९. हॅरिसना २२६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन मिळवा: बरोब्बर २७०. त्या २२६ मध्ये नेब्रास्कातलं ओमाहा शहराचं एक मत धरलंय. ते गेलं की २६९ वर अडकतात. म्हणून गेल्या महिन्यात नेब्रास्काचा कायदा बदलून ते एक मत राज्याच्या गठ्ठ्यात टाकायचा घाट घातला होता, त्यांच्याच विधिमंडळातला एक रिपब्लिकन सेनेटर नको म्हणाला आणि बारगळला. बरोबरी झाली तर प्रतिनिधीगृहात प्रत्येक राज्याला एक मत, २६ लागतात. तिथे चार कोटींचं कॅलिफोर्निया आणि सहा लाखांच्या आतलं वायोमिंग, दोघांचं एकेकच.

आता एक गंमत. आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना आमदारांच्या मताला वजन असतं. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७, सगळं १९७१ च्या जनगणनेवर. म्हणजे आपण वजन लोकसंख्येला बांधलं आणि जनगणनेचं साल गोठवून ठेवलं. त्यांनी दर दहा वर्षांनी जनगणना बदलली, पण लहान राज्यांना सेनेटचे दोन वर फुकट दिले. वायोमिंगमध्ये दोन लाखांहून कमी माणसांमागे एक निर्वाचक, कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्तीमागे एक.

---

टेक्सासचा_तात्या | १४ ऑक्टोबर

गणितीबुवा, विदा चोख, पण सूर नेहमीचाच रडका. हा देश राज्यांचा संघ आहे. एकगठ्ठा मोजणी केली तर उमेदवार मोठ्या शहरांपलीकडे विमानातून खाली बघणारसुद्धा नाहीत. आयोवातल्या शेतकऱ्याने काय करायचं?

---

गणिती | १५ ऑक्टोबर

तात्या, आयोवात यंदा सभा घ्यायला कोण जातंय? आणि तुमच्या टेक्सासात? ४० निर्वाचक आहेत तुमचे, दोघेही येतात ते चेक गोळा करायला आणि परत जातात. लहान राज्यांचं भलं होत असतं तर वायोमिंगला गर्दी दिसली असती. भलं होतं ते काठावरच्या राज्यांचं. पेनसिल्व्हेनिया काही लहान नाही, सव्वा कोटीच्या वर लोकसंख्या आहे.

---

टेक्सासचा_तात्या | १५ ऑक्टोबर

मग बदला की. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, आणि ५० पैकी ३८ राज्यं. शुभेच्छा!

---

गणिती | १५ ऑक्टोबर

एकदा जवळ आलं होतं. १९६९ साली प्रतिनिधीगृहाने ३३८ विरुद्ध ७० ने थेट निवडणुकीचा ठराव मंजूर केला होता. पुढल्या वर्षी सेनेटमध्ये बोलबोलून मारला. आता राज्याराज्यांचा करार चालू आहे: देशात ज्याला जास्त मतं त्याला आमचे निर्वाचक. २७० जमले की लागू. सध्या २०९ वर अडलाय. धागाकर्त्याची न्यू जर्सी त्यात २००८ पासून आहे, त्यांना माहीत नसावं.

---

रांगेत_उभा | १६ ऑक्टोबर

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. स्विंग राज्य, म्हणजे काठावरचं. दारावर माणसं येतात, पेटी भरते, टीव्हीवर दुसरं काही नाही. फक्त एक अडचण आहे, आम्हाला मत नाही. १४ वर्षं एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. कर भरतो, घर घेतलं, पोरगी इथली शाळा शिकून कॉलेजात गेली. भारतीयांच्या ईबी-टू च्या (नोकरीवरच्या ग्रीनकार्डाचा एक वर्ग) रांगेत सध्या २०१२ सालच्या अर्जांचा नंबर चालू आहे. माझा अर्ज त्याच्या नंतरचा. दर वर्षी एका देशाला अशा ग्रीनकार्डांच्या सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलंड असो की भारत. पोरगी २१ ची झाली की माझ्या अर्जातून तिचं नाव गळणार, तिला स्वतःचा व्हिसा बघावा लागणार.

येणारे सगळे कागद घराच्या आधीच्या मालकाच्या नावाने असतात. तो फ्लोरिडाला गेला. त्याच्या मताची किती काळजी सगळ्यांना! परवा दारावर आलेल्या काकूंना म्हटलं, मला मत नाही, पण आत या, चहा घ्या. बसल्या बिचाऱ्या. दोन्ही पक्षांच्या यादीत ग्रीनकार्डाची रांग कितव्या नंबरवर आहे विचारलं तर म्हणाल्या, वरिष्ठांना कळवते.

धागाकर्ते, तुम्ही मत द्यावं का असं विचारताय. काय बोलू.

---

नदीअलीकडे | १६ ऑक्टोबर

रांगेत_उभा, लाजलो. खरंच.

---

उगाच_एक | १७ ऑक्टोबर

वातावरण हलकं करायला: एका बाजूला हॅरिसबाईंची आई तमिळ, दुसरीकडे ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांच्या सौ. तेलुगू घरातल्या. इकडे इडली, तिकडे पेसरट्टू. मराठी माणूस कुठाय? धाग्यावर. (हलके घ्या.)

---

मिशिगन_मुक्काम | १७ ऑक्टोबर

मराठी माणूस डेट्रॉइटमध्ये आहे की! श्री ठाणेदार, बेळगावकडचे, २०२२ मध्ये तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेले, यंदा पुन्हा उभे आहेत. मतदारांत कृष्णवर्णीय आणि कामगार वस्तीतले पुष्कळ, मराठी मतं असून असून किती असणार. आवडोत न आवडोत, पण बेळगावहून निघून डेट्रॉइटच्या वस्त्यांत मतं मागायची याला पाणी लागतं.

इथली हवा सांगतो. सगळे म्हणतात महागाई, आणि ती आहेच, अंड्यांपासून गाडीच्या विम्यापर्यंत. पण डिअरबॉर्न या अरब वस्तीच्या गावात विषय एकच, गाझा. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत एक लाखाहून जास्त डेमोक्रॅट मतदारांनी बायडनना टाळून 'कोणालाच नाही' या खान्यावर खूण केली होती. माझा लेबनीज वंशाचा न्हावी जन्मभराचा डेमोक्रॅट. गेल्या आठवड्यात केस कापताना म्हणाला, घरीच बसेन. कात्री थांबवून म्हणाला.

---

संपादक | १८ ऑक्टोबर

गाझावरून सुरू झालेली उपचर्चा आणि त्यातले वैयक्तिक शेरे उडवले आहेत. 'तुझा देश कुठला' छापाचे प्रतिसाद पुन्हा दिसले तर आयडी गोठवला जाईल.

---

जर्सीची_जाऊबाई | १९ ऑक्टोबर

धागाकर्ते, तुम्ही सगळे अध्यक्षावरच का अडलात? मी वीस वर्षं न्यू जर्सीत मत देते. आपल्याकडची खरी मारामारी जूनमध्ये, पक्षांतर्गत फेरीत होते, आणि ती वर्षानुवर्षं आधीच ठरवलेली असायची. काउंटीच्या पक्षनेत्यांनी पसंत केलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत, अध्यक्षापासून नगरपालिकेपर्यंत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. याला इथे नुसतं 'लाइन' म्हणतात. लाइन मिळाली की गंगेत घोडं न्हालं. आपले सेनेटर मेनेंडेझ यांच्या घरी सोन्याच्या विटा सापडल्या (दसऱ्याचं सोनं नव्हे!), जुलैत लाचखोरीत दोषी ठरले, ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागेसाठी उभे राहिलेले अँडी किम या लाइनविरुद्ध कोर्टात गेले आणि मार्चमध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक फेरीपुरती ती मोडून काढली. ज्याला तुम्ही आधीच ठरलेलं राज्य म्हणता तिथे यंदा केवढी गोष्ट बदलली बघा.

आणि मतपत्रिका खालपर्यंत वाचा. काउंटी कमिशनर, स्कूल बोर्ड. तुमची मुलं शाळेत आहेत ना? अध्यक्ष कोण आहे याने त्यांच्या वर्गात किती मुलं बसतात हे ठरत नाही. आदल्या रात्री बसा, नमुना मतपत्रिका टपालाने येते ती उघडा, उमेदवार कोण आहेत बघा.

---

कोथरूडचा_चहा | १९ ऑक्टोबर

स्कूल बोर्डाला मत! आम्ही इथे विधानसभेच्या तिकिटांत गुंतलोय, परवा कोण कुठल्या पक्षात होतं तेच आठवत नाही. कृपया एकदा सांगा, आमच्या २० नोव्हेंबरला सुट्टी असते, तुमची निवडणूक मंगळवारी का आणि सुट्टी का नाही?

---

गणिती | १९ ऑक्टोबर

१८४५ चा कायदा. रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा, घोडागाडीने तालुक्याला पोचायला एक दिवस. उरला मंगळवार. घोडे गेले, मंगळवार राहिला.

---

नदीअलीकडे | २७ ऑक्टोबर

देऊन आलो!

न्यू जर्सीत काल शनिवारपासून लवकर मतदान सुरू झालं, ते ३ तारखेपर्यंत. आज सकाळी गेलो. रांग होती, बरीच. पुढे एक शीख आजोबा, मागे गुजराती जोडपं, त्यांचं बाळ ढाराढूर झोपलेलं. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला. मी पाकीट काढून लायसन्स पुढे केलं तर म्हणाल्या, नको, ठेवा. टॅबलेटवर सही करा. आता माझी सही मराठीत. बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे मराठीतच. काचेवर त्या बोथट कांडीने केली, शेवटचा रकार पार घसरला. बाई नोंदणीवेळची सही आणि ही, दोन्ही आळीपाळीने बघतायत. माझ्या पोटात गोळा. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "किती सुंदर. अरबी आहे का?" म्हटलं, मराठी. त्यांनी ते तीनदा म्हणून बघितलं आणि मला आत सोडलं.

यंत्रावर वरचं मत देऊन झालं आणि पुढे बरंच काही निघालं. जाऊबाईंचं ऐकून काल रात्री स्कूल बोर्डाचे उमेदवार वाचले होते, त्यामुळे तिथे हात अडखळला नाही. उलट सगळ्यात जास्त विचार करून दिलेलं मत तेच. यंत्राने कागद छापून काचेमागे दाखवला, वाचला, हो म्हटलं.

शाई नाही, गोल स्टिकर मिळाला. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली, "हा तर निघतो की रे. दुसऱ्यांदा गेलास तर?"

---

उगाच_एक | २९ ऑक्टोबर

काल-परवा ट्रम्प यांच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत त्या विनोदवीराने प्वेर्तो रिकोला कचऱ्याचं तरंगतं बेट म्हटलं म्हणे. यावर कोणी बोलेल का? (काडी टाकून पळतो.)

---

टेक्सासचा_तात्या | २९ ऑक्टोबर

भिकार विनोद. मी ट्रम्पवाला असून म्हणतो. पण त्याने निकाल फिरेल हे टीव्हीवाल्यांचं स्वप्न आहे. लोक बिलं बघून मत देतात.

---

गणिती | ३० ऑक्टोबर

प्वेर्तो रिकोत राहणाऱ्यांना अध्यक्षासाठी मत नाही, पण तेच लोक ॲलनटाउन किंवा रेडिंगला राहायला आले की मत आहे. आणि ही दोन्ही गावं पेनसिल्व्हेनियात. पुन्हा तेच, माणूस तोच, नदी कुठली ओलांडली एवढाच फरक.

---

नदीअलीकडे | ३ नोव्हेंबर

आज भाऊबीज. पुन्हा टोल भरून पल्याड. तीन आठवड्यांत प्रकरण हाताबाहेर गेलंय. मला ओवाळत होती तेवढ्यात चारदा बेल वाजली. तिसऱ्या वेळेनंतर भाचीने दारावर कागद चिकटवला: आम्ही सगळ्यांनी मत दिलं आहे, कुत्रा झोपला आहे. (कुत्रा नाहीये.) तरी चौथा आलाच.

भावजींनी शुक्रवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिलं. पेनसिल्व्हेनियात आमच्यासारखं यंत्रावरचं लवकर मतदान नाही. काउंटीच्या कचेरीत जाऊन टपाली मतपत्रिका मागायची, तिथेच भरायची, तिथेच द्यायची. मुदत मंगळवारी संपली होती, ट्रम्प यांच्या बाजूने कोर्टात गेले, न्यायाधीशांनी बक्स काउंटीपुरती शुक्रवारपर्यंत वाढवली. मतपत्रिका आधी आतल्या गुप्त पाकिटात, मग ते बाहेरच्या पाकिटात, त्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं की मत बाद. आत्या म्हणाली, "सत्यनारायणाला एवढे नियम नसतात."

बाकी परवाच्या बुधवारी त्यांच्या गव्हर्नरांनी दिवाळीला राज्याचा सण म्हणून मान्यता देणाऱ्या कायद्यावर सही केली. चांगलंच आहे. निवडणूक सहा दिवसांवर होती हा योगायोग.

---

कोथरूडचा_चहा | ६ नोव्हेंबर

आमचा दुपारचा चारचा चहा चालू होता आणि एपी वृत्तसंस्थेने ट्रम्प जिंकल्याचं जाहीर केलं. तिकडे पहाटेचे साडेपाच ना? गेल्या वेळी शनिवारपर्यंत ताटकळलो होतो. गणिती, तुमचे २२६?

---

गणिती | ६ नोव्हेंबर

ॲरिझोना आणि नेवाडा अजून मोजतायत, पण दिशा दिसते आहे. सातही गेली तर ३१२ विरुद्ध २२६. बाईंची गाडी मी बाजूला काढून ठेवलेल्या आकड्यावरून एक घरही हलली नाही. ओमाहाचं ते एक मत मात्र त्यांनाच मिळालं, ज्यासाठी एवढं रामायण झालं. आता त्याचं लोणचं घाला.

---

टेक्सासचा_तात्या | ६ नोव्हेंबर

आणि देशभरातली एकूण मतंही आमचीच जास्त दिसतायत. आता थेट मोजणी हवी म्हणणारे कुठे गेले?

---

गणिती | ६ नोव्हेंबर

इथेच आहेत. तेव्हाही हवी होती, आजही हवी. अभिनंदन तात्या, मनापासून.

---

मिशिगन_मुक्काम | ८ नोव्हेंबर

डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले. ठाणेदार आरामात निवडून आले. न्हाव्याकडे गेलो होतो. काय केलंस विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बराच वेळ नुसती कात्री चालू होती.

---

रांगेत_उभा | ९ नोव्हेंबर

आधीच्या मालकाच्या नावाचं टपाल बंद झालं. डिसेंबरचं व्हिसा बुलेटिन (रांग कुठवर आली ते सांगणारं मासिक पत्रक) आलं की बघू.

---

उगाच_एक | २४ नोव्हेंबर

धागा वर काढतो. आमच्याकडेही काल निकाल लागला, भाजप, शिंदे आणि अजितदादा मिळून २८८ पैकी २३०. चाचणीवाले दोन्ही खंडांत तोंड लपवून बसलेत. धागाकर्ते, तुमच्या त्या नदीचं काय झालं?

---

नदीअलीकडे | २५ नोव्हेंबर

नदीचं सांगतो. बक्स काउंटी ट्रम्प यांनी घेतली, काहीशे मतांनी. १९८८ नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे आला. भावजी आणि ताई आठवडाभर एकमेकांशी मोजूनमापून बोलत होते, त्यावरून काय ते समजा.

पण धक्का आमच्या काठावर बसला. ज्या न्यू जर्सीकडे कोणी बघत नव्हतं तिथे बायडन चार वर्षांपूर्वी सोळा टक्क्यांच्या आसपास पुढे होते, हॅरिस जेमतेम सहा टक्क्यांनी जिंकल्या. एकही कागद न टाकता, एकही बेल न वाजवता! किम सेनेटवर गेले. स्कूल बोर्डात मी मत दिलेल्यांपैकी एक जण आला, दोन पडले.

काल आत्याचा फोन होता. साठवलेले कागद संपले, टपालात आता नुसती थँक्सगिव्हिंगची कुपनं येतात, ती पातळ असतात, ओल झिरपते. पुढची निवडणूक कधी म्हणून विचारत होती. तिला म्हटलं, पुढच्या नोव्हेंबरला आमच्या बाजूला गव्हर्नरची आहे. तेव्हा मेथी निवडायला इकडे ये.